हौशी फोटो स्पर्धेत कोणता फिल्टर चालतो? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, आमच्या मंडळाची हौशी फोटो स्पर्धा जाहीर होते आणि मारबतीची मिरवणूक आटोपल्यावर पंधरा दिवसांनी प्रवेशिका बंद होतात. मधल्या काळात माझा फोन थांबत नाही. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच असतात. छाननीचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. परीक्षकांच्या आधी सगळे फोटो मी पाहतो आणि नियमात न बसणारे बाजूला काढतो. शिव्याही त्यामुळे माझ्याच खात्यात जमा होतात. यंदा म्हटलं, उत्तरं लिहूनच ठेवू. इतर स्पर्धांना फोटो पाठवणाऱ्यांनाही यातलं बरंच कामी येईल. फक्त ज्या स्पर्धेला पाठवताय तिचं नियमपत्रक आधी वाचा, कारण शेवटी तेच चालतं.

सर, एका वाक्यात सांगा न, फिल्टर चालते की नाही?

चालतो. पण मला फिल्टरचं नाव सांगू नका, त्यानं तुमच्या फोटोत काय केलं ते सांगा. फोटोत आधीपासून असलेला उजेड, सावली आणि रंग कमीजास्त करणारा फिल्टर बहुतेक स्पर्धांत चालतो, हात आवरता घेतलात तर. जो फोटोत नसलेलं काही आणतो किंवा असलेलं काही घालवतो, तो खुल्या किंवा क्रिएटिव्ह गटापुरताच. बाकी सगळं पान म्हणजे याच दोन वाक्यांचा पसारा आहे.

स्नॅपसीडमधलं काय काय वापरू शकतो?

निम्म्याहून अधिक लोक स्नॅपसीड हे फोटो एडिट करायचं अ‍ॅपच वापरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्यून इमेज, कर्व्ह्ज, व्हाइट बॅलन्स, क्रॉप हे निर्धास्त वापरा. डीटेल्समधलं स्ट्रक्चर आणि शार्पनिंगही चालतं. एचडीआर स्केप आणि ड्रामा यांच्यावर आमच्याकडे बंदी नाही, पण ते पूर्ण ओढलेले फोटो परीक्षक दोन सेकंदांत पुढे सरकवतात. बाद होणं वेगळं आणि गुण न मिळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आम्हाला कुणी फोन करत नाही, पण फोटो जास्त त्यातच मरतात.

रेट्रोलक्स आणि ग्रंज यांचं मात्र जपून. हे फिल्टर जुन्या फिल्मसारखे ओरखडे, उजेडाचे डाग, भिंतीचा पोत असं बाहेरचं काहीतरी फोटोवर चढवतात. ते तुमच्या कॅमेऱ्यानं पाहिलेलं नाही, त्यामुळे फक्त खुल्या गटात. डबल एक्स्पोजर तसंच. हेड पोज तर माणसाची मान वळवून दाखवतं, म्हणजे माणूस एकीकडे बघत होता आणि फोटोत दुसरीकडे बघतो. एक्सपांड फोटोच्या कडेला जागा वाढवून तिथे स्वतःच्या मनानं आभाळ किंवा रस्ता भरतं. हे सगळं खुल्या गटाबाहेर बाद.

एक बारीक खाच आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. पर्स्पेक्टिव्हनं इमारत सरळ करताना जे कोपरे रिकामे पडतात, ते स्नॅपसीड आपोआप भरू शकतं. दीक्षाभूमीचा घुमट सरळ केला आणि खालच्या कोपऱ्यात कुठून कुणास ठाऊक अर्धवट पायऱ्या उगवल्या, असा फोटो आमच्याकडे आलेला आहे. पाठवणाऱ्यानं काही फसवणूक केली नव्हती, त्याला ते दिसलंच नव्हतं. सरळ केल्यावर चारही कोपरे मोठे करून बघा आणि भरलेला भाग कापून टाका.

फोटोतल्या वायर काढल्या तर? वायर तं सगळेच काढतात.

हा प्रश्न दर मारबतीला येतो, त्यामुळे मारबतीचंच उदाहरण घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून निघते. गल्ली अरुंद, पुतळा उंच आणि मध्ये विजेच्या तारांचं जाळं. तारा फोटोत येणारच.

एका वर्षी पिवळ्या मारबतीचा एक फोटो आला. उजेड सुरेख, खाली गर्दीचे वर केलेले हात, आभाळ स्वच्छ. मी तो ‘पुढे पाठवा’च्या फोल्डरमध्ये टाकलाही होता. मग सहज मोठा करून पाहिला, तर मारबतीच्या गालावर दोन बारीक काळ्या रेघा, कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरक्या. आधी वाटलं रंग ओघळला असेल. पण तशाच रेघा मागच्या घराच्या भिंतीवरही होत्या, त्याच कोनात. तारा गेल्या होत्या, तारांच्या सावल्या राहिल्या होत्या. मूळ फाइल मागवली, तर वर पाच तारा.

तो फोटो आम्ही बाद केला. कारण गट ‘शहर आणि उत्सव’ होता आणि त्या गटात जे समोर होतं तेच दिसायला हवं. खरं सांगायचं तर त्या तारांसह तो फोटो मला जास्त आवडला असता. तारांखालून वाकून जाणारी मारबत म्हणजेच आमचा महाल.

थोडक्यात, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसा, खुशाल पुसा. तो तुमच्या कॅमेऱ्याचा दोष आहे, जगाचा नाही. तार, फलक, कचरा, मागून जाणारा माणूस हे जगातलं आहे. ते नको असेल तर दोन पावलं बाजूला सरका किंवा क्रॉप करा.

क्रॉप करून काढलं तर चालतं आणि पुसून काढलं तर नाही, हे काय लॉजिक झालं?

प्रश्न रास्त आहे. यावर मंडळात तासभर भांडण झालेलं आहे, तेही तर्री पोह्यांच्या प्लेटी समोर ठेवून.

माझं उत्तर असं. क्रॉप म्हणजे चौकट कुठे धरायची याचा निर्णय. तो तुम्ही शटर दाबताना घेतलात काय किंवा घरी आल्यावर घेतलात काय, चौकटीच्या आत जे आहे ते खरंच होतं. पुसण्यात चौकटीच्या आतली गोष्ट खोटी होते. तार होती तिथे आभाळ दाखवलं, म्हणजे तितकं आभाळ तुम्ही रंगवलं.

वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०१० साली एका पारितोषिक मिळालेल्या छायाचित्रकाराला नेमकं यावरूनच बाद केलं होतं. फोटोत हाताला पट्टी बांधली जात होती आणि मागे कुणाच्या तरी पायाचा जरासा तुकडा दिसत होता, तो त्यानं काढून टाकला. त्याच फोटोला त्यानं जबरदस्त क्रॉप केलं होतं आणि रंगीताचा कृष्णधवल करून दाणेदारही केलं होतं. आक्षेप क्रॉपवर नव्हता आणि कृष्णधवलवरही नव्हता, पायाच्या त्या तुकड्यावर होता.

मग आभाळ गडद केलं, कडा काळ्या केल्या तर?

डार्करूमच्या काळातही लोक एन्लार्जरखाली हाताचा पंजा धरून फोटोचा एखादा भाग उजळ ठेवायचे आणि दुसऱ्यावर जास्त वेळ उजेड टाकून तो गडद करायचे. त्याला डॉज आणि बर्न म्हणत, आजही तेच म्हणतात. त्यावर कुणाचा आक्षेप नाही.

मात्र इतकं गडद करू नका की मागचा माणूस काळोखात गायबच होईल. पुसणं माऊसनं केलं काय आणि काळ्या रंगानं केलं काय, एकच. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोच्या अखेरच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो बाद झाले. काहींनी बारीकसारीक गोष्टी साफ केल्या होत्या आणि काहींनी टोनिंग, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणं, इतकं ताणलं होतं की फोटोचा आशयच बदलला.

डीहेझ किती ओढायचं?

लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं, धुरकटपणा घालवणारं हे बटण नागपूरच्या उन्हाळ्यासाठीच बनवलंय असं लोकांना वाटतं. मे महिन्यात दुपारी आभाळ पांढरं फटक असतं, आणि डीहेझ ओढलं की त्यात एकदम जीव येतो. चालतं, नियमात बसतं. पण फुटाळा तलावावरच्या संध्याकाळचे जे फोटो आमच्याकडे येतात (आणि शंभरातले वीस फुटाळ्याचेच असतात), त्यांत पाळीवर बसलेल्या माणसांच्या डोक्याभोवती पांढरी कड दिसते. देवाच्या फोटोतल्या प्रभावळीसारखी. डीहेझ, क्लॅरिटी आणि एचडीआर तिन्ही एकदम ओढलं की ही कड उमटते. चहा-भुट्टा खात बसलेल्या चार मित्रांना प्रभावळ आली की परीक्षक हसतात. स्लायडर ओढायचा तितका ओढा, मग दोन मिनिटं फोन खाली ठेवा, परत बघा आणि निम्म्यावर आणा.

संत्र्याच्या फोटोला ‘व्हिव्हिड’ लावला तर काय बिघडलं?

बाद होणार नाही. पण फोटो एकदा मोठा करून बघा. संत्र्याच्या सालीवर बारीक खळगे असतात, देठाजवळ हिरवट झाक असते, एखाद्यावर मातीचा डाग असतो. व्हिव्हिडनं सॅच्युरेशन इतकं वाढतं की लाल रंगाची पातळी वरच्या टोकाला जाऊन आपटते आणि हे सगळं एका सपाट नारिंगी थप्प्यात बुडतं. कळमना बाजाराच्या ढिगाऱ्यातलं प्रत्येक संत्रं मग प्लास्टिकचं दिसतं. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखात, रंग वेगवेगळे दिसत असतील तर लाल रंगाची रेघ उजव्या भिंतीला चिकटलीय का ते पाहा. चिकटली असेल तर सॅच्युरेशन कमी करा किंवा व्हायब्रन्स वापरा, ते आधीच गडद असलेल्या रंगांना तुलनेनं कमी हात लावतं.

विकत घेतलेले प्रीसेट वापरले तर ते माझं काम मानतात का?

मानतात. प्रीसेट म्हणजे कुणीतरी आधी बसवून ठेवलेले स्लायडर, बस. फक्त सावल्या निळसर आणि उजेड नारिंगी करणारा तो एकच प्रीसेट अख्ख्या गावानं घेतलाय की काय, असं छाननीला बसल्यावर वाटतं. संत्रानगरीत नारिंगीचं कौतुक समजू शकतो, पण माणसांचे चेहरेही संत्र्याचे?

कृष्णधवल गटात सेपिया चालतो का? आणि फक्त संत्रं रंगीत ठेवून बाकी कृष्णधवल केलं तर?

सेपिया, म्हणजे जुन्या फोटोंसारखी तपकिरी झाक, चालतो, दुसरं नाही.

ही आमच्या मनाची व्याख्या नाही. छायाचित्रण संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयएपी आणि अमेरिकेची छायाचित्रण संस्था पीएसए या दोघांच्या व्याख्येत, संपूर्ण फोटोला एकाच रंगाची झाक दिली तर तो मोनोक्रोमच, म्हणजे एकरंगीच, राहतो. पण फोटोच्या एका भागालाच रंग दिला, किंवा कृष्णधवलात एखादा रंग घातला, तर तो रंगीत गटात जातो. संत्रं रंगीत आणि आजूबाजूचा बाजार करडा, असा फोटो म्हणूनच रंगीत गटात टाका. तिथेही तो फारसा चालेल असं मला वाटत नाही, ही युक्ती आता लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा जुनी झाली.

कृष्णधवल करताना नुसतं सॅच्युरेशन शून्य करू नका. लाल, हिरवा, निळा यांचे स्लायडर वेगवेगळे हलवा. पूर्वी फिल्मवर कृष्णधवल फोटो काढताना लेन्ससमोर पिवळी किंवा लाल काच लावायचे. पिवळ्यानं निळं आभाळ थोडं गडद व्हायचं, लालनं पार काळवंडायचं आणि ढग उठून यायचे. स्लायडर तेच काम करतात, म्हणून त्यावर कुणाची हरकत नसते.

लेन्सवर लावायचे काचेचे फिल्टर?

सगळे चालतात. यूव्ही, एनडी (उजेड कमी करणारी गडद काच), पोलरायझर. पोलरायझर पाण्यावरची चमक कापतो, अंबाझरीच्या काठावरून पाण्याखालचे दगड दाखवतो. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे असताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो, समोर किंवा पाठीशी असताना जवळजवळ नसतो. वाइड लेन्सवर लावलात तर आभाळाच्या मधोमध गडद पट्टा उमटतो, तेवढं बघा. शिवाय दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड तो खातो, त्यामुळे संध्याकाळी काढून ठेवा.

वन्यजीव गटात नियम इतके कडक काऊन?

कारण इथे फोटोचा अर्धा जीव ‘हे असंच घडलं’ यात असतो. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, तिन्ही आपल्याला हाताशी. सुट्टीत सकाळच्या सफारीला गेलेला प्रत्येकजण वाघ घेऊन परत येतो, निदान फोटोत तरी. त्या गर्दीत खरेपणा सोडून आमच्या हातात मोजायला काय आहे?

एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स, शार्पनिंग, नॉइज (कमी उजेडात फोटोत उमटणारे दाणे) कमी करणं, क्रॉप, धुळीचे ठिपके पुसणं हे चालतं. कृष्णधवल केलेला फोटोही चालतो. वाघाच्या डोळ्यावर आडवी आलेली गवताची काडी पुसणं चालत नाही. जिप्सीचं बॉनेट खालच्या कडेला आलं असेल तर क्रॉप करा, क्लोन करू नका, म्हणजे शेजारचा भाग त्यावर चिकटवून झाकू नका. जंगली प्राण्याच्या गळ्यातली रेडिओ कॉलर मात्र दिसली तरी चालते, संशोधकांनी लावलेली खूण आंतरराष्ट्रीय नियमांतही मान्य आहे. ती खोडलीत तर उलट बाद व्हाल.

दोन फोटो जोडून केलेलं पॅनोरमा आमच्याकडे या गटात चालत नाही, पीएसए-एफआयएपीच्या निसर्ग गटाच्या व्याख्येतही नाही. फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेल्या फ्रेम एकत्र करणं, चालतं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा मात्र पॅनोरमाही घेते, फक्त तसं सांगावं लागतं. म्हणूनच म्हणतो, पत्रक वाचा.

आणि याच स्पर्धेनं दोनदा दिलेलं बक्षीस परत घेतलेलं आहे. २००९ मध्ये फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो सर्वोत्कृष्ट ठरला होता. तो लांडगा जंगली नसून शिकवलेला असावा, असं दिसल्यावर जानेवारी २०१० मध्ये तो बाद झाला. पुढे २०१७ च्या विजेत्यांतला, रात्री वारुळाकडे जाणाऱ्या मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये बाद केला गेला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. दोन्हींत फिल्टरचा काही संबंध नव्हता. पण ‘मी फक्त एक काडी पुसली’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो: रंगावरून भांडण क्वचित होतं, समोर काय होतं यावरून नेहमी होतं.

माझ्या फोनचा कॅमेराच एडिट करतो. मी काय करू?

इथे मी स्वतः गोंधळतो, कबूल करतो.

आजचा कोणताही बरा फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या जोडतो, सावल्या उजळतो, नॉइज कमी करतो. हे आम्ही मान्य करतो, नाहीतर मोबाइल गट बंदच करावा लागेल. नाइट मोड, आपोआप होणारा एचडीआर, पोर्ट्रेट मोडमधलं धूसर मागचं, हे चालतं. धूसरपणाची कड मात्र तपासा, कानातली रिंग आणि कुरळे केस पोर्ट्रेट मोड हमखास खातो.

ब्यूटी मोड चालत नाही. आणि तो तुम्ही न लावताही चालू असू शकतो. माझ्या भाच्यानं कळमन्याच्या बाजारात संत्री विकणाऱ्या एका आजीचा फोटो काढला होता. आजी सत्तरीच्या पुढच्या, चेहऱ्यावर उन्हानं कोरलेल्या रेषा. घरी येऊन बघतो तर आजीचे गाल गुळगुळीत, नाकाशेजारचा तीळ फिका, डोळे थोडे मोठे. डोक्यावरचा पदर मात्र तसाच, त्याच्या धाग्याधाग्याचं विणकाम दिसतंय. म्हणजे कापड खरं आणि कातडी खोटी. मोड बंद करून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, पण आजी त्या दिवशी बसल्या नव्हत्या. सेटिंगमध्ये जाऊन ब्यूटी, स्मूथ, फेस रिटच असं जे काही असेल ते शून्यावर आणा, आणि हे बाजारात जायच्या आधी करा.

चंद्राचे फोटोही जपून. काही फोन चंद्र ओळखतात आणि त्यावरचे डाग-खळगे स्वतःच ठळक करतात. २०२३ मध्ये एकानं मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला, तर फोननं त्यात नसलेले बारकावेही दाखवले. तेव्हा त्यावरून बराच गदारोळ झाला होता. चंद्राचा फोटो पाठवायचा असेल तर प्रो मोडमध्ये रॉ, म्हणजे फोननं प्रक्रिया न केलेली फाइल, काढा.

एआय वापरलं तर?

एआय हा शब्द आता प्रत्येक बटणावर लिहिलेला असतो, त्यामुळे नुसता शब्द पाहून आम्ही बाद करत नाही. एआयनं नॉइज कमी केला, चेहरा निवडून थोडा उजळला, तरी चालतं. एआयनं माणूस पुसला, आभाळ बदललं, रस्ता वाढवला, तर बाद. आख्खा फोटोच एआयला वर्णन लिहून देऊन बनवला असेल तर तो फोटोच नाही.

बाहेरच्या जगात दोन्ही बाजूंनी गमती झाल्यात. २०२३ मध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयनं बनवलेलं चित्र पाठवलं, ते निवडलं गेलं आणि मग त्यांनीच बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी उलटं झालं. एका स्पर्धेच्या एआय गटात माइल्स अ‍ॅस्ट्रे यांनी खरा फोटो पाठवला. फ्लेमिंगोनं पोट खाजवायला मान अशी वळवली होती की डोकंच नसल्यासारखा दिसत होता. त्या फोटोनं बक्षीसही मिळवलं आणि खरा निघाल्यामुळे बादही झाला.

आभाळ बदललं हे तुम्हाला कसं कळतं बाप्पा?

सावल्यांवरून. झिरो माइलच्या खांबाचा एक फोटो आला होता, मागे सूर्यास्ताचे जांभळे ढग. सूर्य खांबामागे, म्हणजे सावली आपल्याकडे यायला हवी. पण चारही घोड्यांच्या सावल्या आखूड, पायांखाली गोळा झालेल्या. फोटो भर दुपारचा होता, आभाळ तेवढं संध्याकाळचं.

मी स्वतःही एकदा बाद झालोय. खूप वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका स्पर्धेत रामटेकच्या पायऱ्यांचा फोटो दिला होता. कडेला एका वानराची अर्धीच शेपटी आली होती, ती क्लोन स्टॅम्पनं घालवली. परीक्षकांनी निकालाच्या दिवशी फोटो पडद्यावर मोठा केला आणि बोटानं दाखवलं: एकाच पायरीवर शेवाळाचा तोच डाग, हातभर अंतरावर दोनदा. सभागृहातले लोक हसले. शेपटी ठेवली असती तर कुणी बोललंही नसतं.

पोर्ट्रेटमध्ये मुरूम पुसू का?

पुसा. आठवड्यानं जाणार असेल ते पुसलं तर चालतं. तीळ, व्रण, सुरकुती राहू द्या.

मूळ फाइल म्हणजे काय? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर?

कॅमेऱ्यातून जशी निघाली तशी. कॅमेरा असेल तर रॉ, म्हणजे एनईएफ, सीआर३, एआरडब्ल्यू किंवा डीएनजी. फोन असेल तर न एडिट केलेली जेपेग. फक्त निवड झालेल्यांकडूनच आम्ही ती मागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो छोटा होतो आणि एक्झिफ, म्हणजे फोटो कधी व कोणत्या कॅमेऱ्यानं काढला ही नोंद, गळून पडते. मग ती फाइल काही सिद्ध करत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. आणि स्नॅपसीडमध्ये एडिट केल्यावर मूळ फोटो डिलीट करायची सवय असेल तर ती आजच सोडा. ‘फोनची जागा भरली होती’ हे कारण दरवर्षी किमान दोघं सांगतात, आणि दरवर्षी आमचाही नाइलाज होतो.

किती क्रॉप करू शकतो?

नियमात आकडा नाही, पण प्रदर्शनात १२ बाय १८ इंचांची प्रिंट निघते. ३०० डीपीआयला त्यासाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २०० डीपीआयला २४०० बाय ३६००. दुसऱ्या आकड्याच्या खाली गेलात तर वाघाचे पट्टे विटांसारखे दिसतील. निर्यात करताना कलर स्पेस एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबीतले फोटो आमच्या प्रोजेक्टरवर तापातून उठल्यासारखे फिके दिसतात.

नाव, बॉर्डर, तारखेचा शिक्का?

काहीच नको. परीक्षकांना नाव दिसायला नको, एवढंच त्यामागचं कारण. तारीख कॅमेऱ्यानंच छापली असेल तर क्रॉप करा.

खुल्या गटात मग काहीही करू शकतो?

जवळजवळ. आभाळ बदला, मारबतीला पंख लावा, फुटाळ्यात जहाज सोडा. फक्त जोडलेला प्रत्येक तुकडा तुम्ही स्वतः काढलेल्या फोटोतला हवा. नेटवरून उचललेलं आभाळ दुसऱ्या कुणाचं तरी असतं. भारतात फोटोचा कॉपीराइट सहसा तो काढणाऱ्याकडे असतो आणि ६० वर्षं टिकतो, त्यामुळे ‘गुगलवर मिळालं’ हे उत्तर चालत नाही. अ‍ॅपमध्ये तयार मिळणारी आभाळंही आम्ही घेत नाही. इथे माझं आणि मंडळातल्या तरुण मंडळींचं पटत नाही, पण यंदाच्या पत्रकात तरी असंच आहे.

फोटो बाद झाला आणि मला मान्य नसेल तर?

कळवल्यापासून सात दिवसांत मूळ फाइल आणि तुम्ही काय-काय केलं याच्या दोन ओळी पाठवा. लाइटरूम वापरत असाल तर हिस्टरीचा स्क्रीनशॉट जोडा. दुसरे दोन परीक्षक तो बघतात, मी त्यात नसतो. मागे एकदा माझा निर्णय त्यांनी फिरवलाही आहे: मला जोडलेला वाटलेला बगळा खरंच तिथे बसलेला निघाला.

आणि प्रवेश शुल्क परत मिळतं का?

नाही.